पूररेषा, भराव आणि पाण्याची जागा

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापूरच्या पंचगंगेचा पूर एका रात्रीत येऊन सकाळी ओसरणारा नसतो. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी प्रयाग चिखलीजवळ एकत्र येते, राधानगरी धरणाच्या स्वयंचलित दरवाजांतून सुटलेले पाणी भोगावतीमार्गे त्यात भर घालते, आणि पुढे नृसिंहवाडीला कृष्णा आधीच फुगलेली असली तर पंचगंगेला पुढे सरकायला वाव राहत नाही. मग पाणी मागे तुंबते, शेतांत आणि वस्त्यांत पसरते आणि कित्येक दिवस तसेच उभे राहते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी मानली जाते. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये याच बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेले. 2005 चा महापूर हा ज्यांनी कमाल मर्यादा म्हणून मनात धरला होता, त्यांचा हिशेब दोन वर्षांच्या अंतराने दोनदा चुकला.

धरणांच्या विसर्गावर दर पावसाळ्यात पुष्कळ चर्चा होते, आणि कर्नाटकातल्या, कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाचे नाव निघाले की बाकी सगळे विषय मागे पडतात. त्या चर्चेत मी आज भर घालणार नाही. शहराने कोणत्या जमिनीवर काय बांधू द्यावे, हा प्रश्न मात्र पूर्णपणे आपल्या राज्याच्या आणि आपल्या महापालिकेच्या अखत्यारीतला आहे, आणि त्याविषयीचे नियम बदलण्याची वेळ आली आहे असे माझे मत आहे.

आधी सध्याची व्यवस्था पाहू. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. सरासरी 25 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल रेषा. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचे क्षेत्र निषिद्ध. तेथे उद्यान, वाहनतळ, ओट्यांची उघडी मंडई, स्मशानभूमी असे मोजके वापर चालतात. निळ्या आणि लाल रेषेमधले क्षेत्र नियंत्रित. तेथे बांधकाम करता येते, मात्र राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ते लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर, म्हणजे सुमारे दीड फूट, उंच असावे लागते. निळ्या रेषेच्या आतल्या जुन्या अधिकृत इमारतींचा पुनर्विकासही पाटबंधारे खात्याच्या ना हरकत दाखल्यासह याच उंचीच्या अटीवर होऊ शकतो.

येथे एक खुलासा केला पाहिजे, कारण पंचवीस वर्षांचा पूर म्हटले की लोकांना वाटते, एकदा येऊन गेला, आता पंचवीस वर्षे चिंता नाही. वास्तविक त्याचा अर्थ इतकाच की कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात चार असते, आणि मागच्या वर्षी काय झाले याचा तिच्याशी संबंध नसतो. वीस वर्षांच्या मुदतीचे गृहकर्ज काढून निळ्या रेषेलगत घर घेणाऱ्या कुटुंबाला, कर्ज फिटण्याआधी निदान एकदा असा पूर पाहावा लागण्याची शक्यता निम्म्याहून अधिक, सुमारे 56 टक्के असते. लाल रेषेवरच्या घराच्या बाबतीतही ती 18 टक्क्यांच्या आसपास जाते. हेही तेव्हा, जेव्हा रेषा आखताना वापरलेल्या नोंदी आजच्या पावसाला लागू पडतात. ज्या रेषेमागच्या हिशेबात 2019 आणि 2021 ची पातळी धरलेली नाही, ती रेषा कागदावर कितीही ठळक असली तरी तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

आता मुख्य मुद्दा. दीड फूट उंचीची ही अट इमारतीला वाचवते, पाण्याचा विचार करत नाही. अटीत उंची ठरवून दिली आहे; ती कशी गाठायची हे त्या अटीत सांगितलेले नाही. खांबांवर इमारत उभी करूनही ती गाठता येते आणि डंपरने मुरूम आणून टाकूनही गाठता येते. दुसरा मार्ग सोपा, आणि प्लॉट रस्त्याच्या पातळीला आला की त्याला भावही बरा मिळतो, त्यामुळे व्यवहारात कोणता मार्ग निवडला जातो हे सांगायला नको. एक एकर जमिनीवर सहा फूट भराव टाकला की सुमारे 74 लाख लिटर पाण्याची जागा जाते. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजायचे तर सातशे चाळीस टँकर. हे पाणी कोठे तरी जाणारच, आणि ते जाते भराव न टाकलेल्या शेजाऱ्याकडे. एकेका परवानगीकडे सुटे पाहिले तर कोणाचेच काही चुकलेले नसते, म्हणून ही गोष्ट कोणत्याही एका फाइलमध्ये दिसत नाही. नगररचना कार्यालयात प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे तपासले जाते. पूर मात्र सगळ्या प्रकरणांची बेरीज करून येतो.

रस्त्यांचेही तेच. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ दोन्ही महापुरांत बंद पडला. पूरक्षेत्र आडवे कापत जाणारा रस्ता भरावावर बांधला की तो एका अर्थी बंधाराच होतो, आणि त्यात ठेवलेल्या मोजक्या मोऱ्यांतून पाणी जायला वेळ लागतो. म्हणून पूरपट्ट्यात भरावाऐवजी खांबांवरचे पूल बांधा, अशी मागणी या भागातले लोक करत आले आहेत. ती रास्त आहे. फक्त जी अट आपण सरकारी रस्त्याला घालू पाहतो, तीच खाजगी रेखांकनालाही (प्लॉट पाडण्याच्या आराखड्यालाही) लागू झाली पाहिजे, हे मान्य करताना आपण थोडे अडखळतो.

याची किंमत पहिल्यांदा मोजतो सुतारवाडा. जयंती नाल्यालगतच्या या वस्तीतली कुटुंबे पावसाळ्यात पाणी चढू लागले की चित्रदुर्ग मठात हलवली जातात, आणि हे इतके नेहमीचे झाले आहे की त्याची बातमीही दोन ओळींत संपते. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत जुलै-ऑगस्ट म्हणजे गणेशमूर्तींच्या कामाची ऐन घाई. माती ओली, रंगकाम निम्म्यावर, आणि माल माळ्यावर चढवायला हाताशी एक रात्र. तेथे शिरणारे पाणी नुसते नदीचे नसते. नदीची पातळी चढली की नाल्याचे पाणी नदीत पडू शकत नाही आणि उलटे फिरून गल्ल्यांत शिरते. म्हणून नियमांची सुधारणा करायची तर नदीच्या दोन रेषा नव्याने आखून भागणार नाही. नदीला मिळणाऱ्या नाल्यांनाही, नदी तुंबलेली असताना पाणी कोठवर चढते ते मोजून, स्वतःची पूररेषा दिली पाहिजे. पुण्यात 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने जी हानी केली, तीही मोठ्या नदीने नव्हे, एका ओढ्याने केलेली होती.

मग नव्या नियमांत काय असावे? माझ्या मते, नियंत्रित क्षेत्रात भरावालाच बंदी हवी. बांधायचे असेल तर खांबांवर, खालचा मजला पाणी ये-जा करण्यासाठी मोकळा, कुंपणाची भिंत भरीव नाही, तळघर नाही, आणि विजेचे मीटर, लिफ्टची यंत्रणा व जनित्र लाल रेषेच्या वर. अपरिहार्य कारणाने भराव टाकावाच लागला तर तितक्याच मापाची माती त्याच पूरपट्ट्यात, त्याच पातळीवर खोदून पाण्याला जागा परत द्यावी. रुग्णालये आणि शाळा या पट्ट्यात नवीन नकोतच. दुसरे, पुराची पातळी प्रत्येक गट क्रमांकाला समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये लिहिलेली असावी आणि ती झोन दाखल्यावर व मिळकत पत्रिकेवर यावी, म्हणजे खरेदीखत करणाऱ्याला ती वाचल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आज फ्लॅट घेणारा मनुष्य पार्किंग, पाणी, लिफ्ट सगळे विचारतो आणि पूररेषा त्याला पहिल्या पावसाळ्यात कळते.

जमीनमालकांची बाजूही ऐकली पाहिजे. प्लॉटचा काही भाग पूररेषेत गेला तर त्या भागाचे चटईक्षेत्र, म्हणजे त्यावर मिळणारा बांधकामाचा हक्क, उरलेल्या जमिनीवर वापरण्याची सोय नियमावलीत आहे. पण ज्याचा सगळाच प्लॉट निळ्या रेषेत आहे, त्याच्याकडे उरलेली जमीनच नसते. चिपळूणमध्ये 2021 च्या महापुरानंतर पूररेषांना विरोध झाला तो शहराचा मोठा भाग रेषेच्या आत येत होता म्हणून, आणि त्या लोकांना अडाणी ठरवून तो विरोध मिटणारा नाही. अशा मालकांना अन्यत्र वापरता येणारा टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, दिला, तर रेषा पुढे-मागे सरकवून घेण्यासाठीची धडपड बरीच कमी होईल. केंद्रीय जल आयोगाने पूरपट्टा विभागणीचा नमुना कायदा राज्यांना 1975 मध्येच पाठवला होता. मणिपूर, राजस्थान आणि उत्तराखंड यांनी तसे कायदे केले. महाराष्ट्राने तसा स्वतंत्र कायदा न करता परिपत्रके आणि नियमावलीवर काम भागवले आहे. मोबदल्याचा प्रश्न लोंबकळत राहण्याचे ते एक कारण आहे.

नुसते स्थलांतराचे हुकूम काढूनही भागत नाही. 1989 च्या पुरानंतर प्रयाग चिखली आणि आंबेवाडीच्या ग्रामस्थांना सोनतळीला प्लॉट देण्यात आले. तरीही मूळ गावे आपल्या जागी राहिली आणि 2019 मध्ये पुन्हा बुडाली. गोठा, शेत आणि घर यांतले अंतर वाढले तर दूध काढायला पहाटे कोण जाणार, या प्रश्नाचे उत्तर प्लॉटच्या नकाशात नसते. त्यामुळे जुन्या वस्तीसाठी वेगळा, सबुरीचा नियम हवा: मूळ घर राहू द्यावे, पण त्याचा विस्तार पायथ्याशी नको, वरच्या मजल्यावर व्हावा.

शेवटी प्रक्रियेविषयी. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार विकास योजना, म्हणजे शहरातल्या जमिनीच्या वापराचा आराखडा, वीस वर्षांतून निदान एकदा सुधारावी लागते, आणि प्रारूप योजना प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांना हरकती व सूचनांसाठी 30 दिवस मिळतात. आपल्या शहराची अशी सूचना निघेल तेव्हा ‘आमच्या भागात पूर येतो’ एवढ्याच वाक्याची हरकत देऊ नका. आपला गट किंवा सिटी सर्व्हे क्रमांक लिहा, 2019 आणि 2021 ची पाण्याची खूण जोत्यापासून किती फुटांवर आहे ते टेपने मोजून लिहा, पाणी नदीकडून आले की नाल्याकडून, किती दिवस राहिले, आणि शेजारी भराव कोणत्या साली पडला तेही छायाचित्रासह जोडा. नियोजन समितीपुढे सुनावणी होते, तेव्हा तिच्यासमोरच्या नकाशावर या नोंदी नसतात, आणि त्या मांडण्यासाठी हरकतदाराला बोलण्याचा हक्क असतो.

नमस्कार.