पारा, पोथ्या आणि प्रफुल्लचंद्र

कोलकात्यातलं ९१, अप्पर सर्क्युलर रोड. एकोणिसाव्या शतकाची अखेर. या घराच्या गच्चीवर जनावरांची हाडं वाळत घातली आहेत. खाटकांकडून पोत्यांनी आणलेली, मांस अजून चिकटलेलं. त्यात नेमका अवेळी पाऊस लागतो. हाडं सडतात, किडे पडतात, कावळे एकेक हाड उचलून शेजारच्या घरांवर टाकू लागतात. शेजारी संतापतात, तक्रार होते.

ही हाडं आणवणारे गृहस्थ प्रेसिडेन्सी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. एडिंबरा विद्यापीठाचे डी.एस्सी. प्रफुल्लचंद्र राय.

हाडं जाळायची, राखेवर गंधकाम्ल घालायचं, आणि त्यातून औषधी फॉस्फेट काढायचं, असा त्यांचा बेत होता. औषधं विलायतेहूनच का यावीत? शिकलेल्या पोरांनी कारकुनीच का करावी? हे प्रश्न त्यांना झोपू देत नव्हते. १८९२ साली जेमतेम ७०० रुपये भांडवलावर काम सुरू झालं. पुढे १९०१ मध्ये त्याची रीतसर कंपनी झाली, बंगाल केमिकल.

प्रफुल्लचंद्रांचा जन्म २ ऑगस्ट १८६१चा. गाव रारुली, आज बांगलादेशात. शाळकरी वयात आमांशानं असं गाठलं की शाळा सुटली. पण वडिलांचा ग्रंथसंग्रह घरातच होता. इतिहास, चरित्रं, इंग्रजी साहित्य, जे हाती लागेल ते त्यांनी वाचून काढलं. लॅटिन आणि ग्रीकही शिकायला घेतलं. पोटाचं दुखणं जन्मभर राहिलं, आणि वाचनाची भूकही.

आता त्यांच्या प्रयोगशाळेत येऊ. मर्क्युरस नायट्रेट हा पाऱ्याचा क्षार जास्त प्रमाणात हवा होता, म्हणून त्यांनी पाऱ्यावर सौम्य नायट्रिक आम्ल ओतलं. तापवलं नाही, थंडच राहू दिलं. पाहतात तर पाऱ्यावर पिवळे स्फटिक धरलेले! दुसरा एखादा ते बाजूला सारून पुढे गेला असता. यांनी त्या पिवळ्या थराचाच पिच्छा पुरवला. तो निघाला मर्क्युरस नायट्राइट, नायट्रेटहून वेगळा, तोवर कुणाला ठाऊक नसलेला पदार्थ. १८९६ मध्ये शोधनिबंध छापून आला, आणि नायट्राइटांचा अभ्यास पुढे कित्येक वर्षं चालला.

याच सुमारास फ्रेंच रसायनज्ञ बर्थेलो यांच्याशी पत्रव्यवहार झाला. ग्रीक किमयेचा इतिहास लिहिणाऱ्या बर्थेलोंना भारतातल्या रसविद्येबद्दल, म्हणजे इथल्या जुन्या रसायनविद्येबद्दल जाणून घ्यायचं होतं. प्रफुल्लचंद्र जुन्या संस्कृत पोथ्यांकडे वळले. पाहतात तर तिथेही पाराच! त्याचं शुद्धीकरण कसं करावं, यंत्रं कशी मांडावीत, सगळं श्लोकांत. दिवसा चंचुपात्रातला पारा, रात्री पोथीतला. आम्हाला त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो. रसायनज्ञाचे हात आणि इतिहासकाराची नजर एकाच माणसाला मिळाली होती, म्हणूनच हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचे दोन खंड तयार झाले, १९०२ आणि १९०९ साली.

लग्न केलं नाही. संसार म्हणाल तर विद्यार्थ्यांचा. पुढे भौतिकशास्त्रज्ञ म्हणून गाजलेले मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस त्यांच्याच वर्गात बसले. कोलकात्यात गोपाळ कृष्ण गोखल्यांचा मुक्काम त्यांच्या घराजवळ असे. तिथेच गोखल्यांनी गांधीजींशी त्यांची ओळख करून दिली, ती अशी: या प्राध्यापकांना महिन्याला ८०० रुपये मिळतात, त्यातले ४० स्वतःला ठेवून बाकीचे ते लोककार्याला देतात.

१९२२ साली उत्तर बंगालमध्ये महापूर आला. मदतकार्याची धुरा साठी ओलांडलेल्या, नाजूक प्रकृतीच्या या माणसानं उचलली. आता ते शिकवत त्या, कोलकाता विद्यापीठाच्या सायन्स कॉलेजच्या इमारतीत कपड्यांचे ढीग लागले, विद्यार्थी गाठोडी बांधू लागले. याच इमारतीतल्या एका खोलीत ते राहत, आणि वयाच्या साठीनंतरचा आपला पगार त्यांनी याच महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाला देऊन टाकला होता. १६ जून १९४४ रोजी इथेच त्यांचं निधन झालं.

रसायनशास्त्रातल्या उत्तम संशोधनासाठी कोलकाता विद्यापीठात एक पारितोषिक असावं, म्हणूनही त्यांनी पैसे दिले. त्याला नाव मात्र स्वतःचं दिलं नाही. पोथ्यांत भेटलेल्या प्राचीन रसायनज्ञ नागार्जुनाचं दिलं.