सारेची पाळी गेली होती, हे शास्त्रात लिहिलंय

(मंडळीच्या स्त्री-सभेत एका निवृत्त परिचारिकेने दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

माझ्या बहिणींनो, पाळकबाईंनी मला विचारलं, की सभेत आरोग्यावर काहीतरी बोलाल का? मी म्हटलं, बोलते, पण पाळी जाण्याच्या वयावर बोलेन. त्या क्षणभर गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "चर्चमध्ये?" मी म्हटलं, चर्चमध्येच. मोशेने लिहायला संकोच केला नाही, तर आपण बोलायला का करावा? बायबलमधलं उत्पत्तीचं पुस्तक, १८ वा अध्याय, ११ वं वचन काढा. अब्राहाम आणि सारा म्हातारी झाली होती आणि सारेचं बायकांप्रमाणे होणं बंद झालं होतं, असं तिथे सरळ लिहिलंय. आपण लहानपणापासून ही गोष्ट ऐकतो, पण ते वाक्य घाईने वाचून पुढे जातो. तुला मुलगा होईल, हे ऐकून सारा तंबूच्या दाराआड उभी राहून स्वतःशी हसली, ती स्वतःचं शरीर ओळखून होती म्हणून. मला ती बाई फार जवळची वाटते.

आधी शरीराचं सांगते. सलग १२ महिने पाळी आली नाही, म्हणजे पाळी गेली. आपल्या देशात हे साधारण ४६-४७ व्या वर्षी होतं. पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. पण त्रास त्याच्या आधीच सुरू होतो, कधी चार-पाच वर्षं आधी. पाळी लवकर येते, उशिरा येते, कधी भळाभळा जाते. बीजकोशांतून येणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होत जातं, तेही सरळ उतारासारखं नाही, आज वर उद्या खाली असं. आपल्या मेंदूत अंगाची उष्णता सांभाळणारी एक जागा आहे. इस्ट्रोजेन कमी झालं की ती जागा हळवी होते. अंग जरासं तापलं तरी तिला वाटतं, फार उकडतंय. मग ती रक्तवाहिन्या सैल करते, घाम सोडते. छातीतून वाफ निघून मानेवर, तोंडावर चढल्यासारखं होतं आणि थोड्या वेळाने थंडी वाजते.

मी तीस वर्षं परिचारिका होते. हे सगळं मला पुस्तकातून पाठ होतं. तरी स्वतःवर आलं तेव्हा ओळखता आलं नाही. वय ४७. पहाटे तीनला डोळे उघडायचे, उशी ओली. रविवारी गायनमंडळात दुसऱ्या स्तोत्राला पाठ घामाने भिजायची, म्हणून मी मागच्या बाकावर जाऊन बसले आणि मग गायचंच सोडलं. मुलीवर ओरडायचे, नंतर रडायचे. शास्त्र उघडलं की ओळी डोळ्यांसमोरून नुसत्या जायच्या. मला वाटलं, माझा प्रभूशी संबंध तुटत चाललाय. एका वडीलधाऱ्या बाईला सांगितलं, तर ती म्हणाली, "तुझी प्रार्थना कमी पडतेय." मी आणखी उपास धरले. आणखी चक्कर यायला लागली. दोन वर्षं मी अशा गोष्टीसाठी पश्चात्ताप करत राहिले, जे पापच नव्हतं. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी थायरॉइड तपासलं, हिमोग्लोबिन तपासलं (ते ८ होतं) आणि म्हणाल्या, "सिस्टर, तुमची पाळी जायला आलीय, एवढंच आहे हे." मी त्यांच्या टेबलावर डोकं ठेवून रडले.

म्हणून आज तुम्हाला एकच गोष्ट पटावी अशी माझी इच्छा आहे. चिडचिड, झोप न लागणं, छातीत धडधड, विसरभोळेपणा, मन उदास होणं, हे तुमच्या विश्वासाचं प्रगतिपुस्तक नाही.

१ राजे, १९ वा अध्याय. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा एलीया रानात एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देवाने काय केलं? आधी झोपू दिलं. मग दूताने उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा कुंजा दिला. खाऊन तो पुन्हा झोपला. दूताने पुन्हा उठवलं, पुन्हा जेवायला घातलं आणि म्हणाला, तुझ्या शक्तीबाहेरची वाट आहे. होरेब डोंगरावर त्याला देवाची मंद वाणी ऐकू आली, तो प्रसंग पुढे आहे, चाळीस दिवसांनंतर. देवाने थकलेल्या माणसाला आधी भाकर दिली, मग विचारलं, तू इथे काय करतोस? आपण थकलेल्या बाईला आधी विचारतो आणि भाकर द्यायचं विसरतो.

तर भाकरीकडे येऊ. पाळी गेल्यावर पहिल्या काही वर्षांत हाडांतला चुना भराभर जातो. दुखत नाही, कळत नाही. मोरीत पाय घसरून मनगट मोडलं की मग कळतं. या वयात दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, मोठ्या पेलाभर दुधात तीनशेच्या आसपास. म्हणजे सकाळी नाचणीची आंबील, दुपारी वाटीभर दही किंवा ताक, भाकरीबरोबर तिळाची चटणी, आठवड्यातून दोन-तीनदा शेवग्याचा पाला किंवा मेथी, काट्यांसकट खाता येणारी लहान सुकी मासळी. यात महागडं काही नाही. पण ताटात शेवटी आपण बसतो आणि दूध नातवाला, अंडं मुलाला, मासळीचा तुकडा मालकांना वाढून झालेला असतो. हे आपण त्याग म्हणून करतो. मी तुम्हाला विनवते, यापुढे स्वतःचं अंडं आधी बाजूला काढून ठेवा. प्रथिनं नसतील तर मांसपेशी झिजतात, आणि पाय लटपटतात ते त्यामुळे. रोज थोडं ऊन अंगावर घ्या आणि ड जीवनसत्त्व एकदा डॉक्टरांना विचारून तपासा.

चालण्याबद्दल तुम्ही खूप ऐकलंय. आठवड्याला १५० मिनिटं, जरा दम लागेल असं. घरात दिवसभर फिरते, ते चालणं नव्हे. शिवाय हाडांना भार हवा असतो, म्हणून आठवड्यातून दोन दिवस पाण्याच्या दोन बाटल्या हातांत घेऊन वर-खाली करा, खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. खोकताना लघवी सुटते, हे कुणी बोलत नाही, पण या खोलीतल्या कितीतरी जणींना होत असेल. लघवी धरून ठेवताना जे स्नायू आवळतो, तेच आवळायचे, पाच मोजायचं, सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. उपासनेत बसल्या बसल्याही करता येतं. रात्री चहा नको, तिखट कमी, झोपताना सुती कपडा. आणि उपास-प्रार्थना? मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरू नका. पोटात काही घेऊन केलेली प्रार्थनाही प्रभू ऐकतो.

आता रक्तस्रावाचं. मार्क ५ वा अध्याय. १२ वर्षं अंगावर जाणारी ती बाई. मार्क लिहितो, की तिने पुष्कळ वैद्यांच्या हातून फार सोसलं आणि जवळचं सगळं खर्च केलं. पण ती घरात बसली नाही, गर्दीत शिरली आणि हात लावला. येशूने तिला 'मुली' म्हटलं. मी हे वचन अशासाठी सांगते, की तुम्हीही घरात बसू नका. तासा-तासाला पॅड बदलावा लागत असेल, दोन पाळ्यांच्या मध्ये जात असेल, तर दाखवा. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण गर्भाशयाच्या कॅन्सरची ती पहिली खूण असू शकते आणि वेळेत सापडला तर बहुतेकदा बरा होतो.

"गर्भाची पिशवी काढून टाका, कटकट मिटेल" असं कुणी म्हटलं, तर थांबा आणि दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. आपल्याला लागूनच बीड आहे. २०१९ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीने तिथल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती. कित्येकींची वयं तिशी-चाळिशीची. बीजकोशही काढले तर त्या दिवसापासून पाळी गेल्याचे सगळे त्रास सुरू होतात आणि हाडं, हृदय यांची राखण वेळेआधीच संपते. आपल्या मंडळीतही कोयता घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या बहिणी आहेत. हे त्यांच्यापर्यंत पोहोचवा.

हार्मोनच्या गोळ्यांची भीती २००२ सालच्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासापासून पसरली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, हे मागे पडलं. साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या, निरोगी आणि फार त्रास असलेल्या बहुतेक बायकांना त्याचा फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो, असं आता तज्ज्ञ मानतात. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल किंवा रक्ताच्या गाठी झाल्या असतील, तर मात्र ही वाट साधारणपणे नसते. दुसरी औषधं आहेत. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी असणं, असं मला कुणी सांगितलं, की मी शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकचं नाव घेते. पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो.

एक नाजूक गोष्ट. योनी कोरडी पडते, नवऱ्याजवळ जाणं दुखतं. १ करिंथ ७ वा अध्याय बायकांना पुष्कळदा ऐकवला जातो, की नवऱ्याला नाही म्हणू नको. पूर्ण वाचा. नवऱ्यानेही बायकोला तिचं द्यावं, हे तिथे आधी लिहिलंय. दुखतं हे त्याला सांगणं हा तुमचा हक्क आहे. त्यासाठी जेल मिळतं, लावायचं मलम मिळतं, आणि ते मागायला लाजू नका. आणि हो, वर्षभर पाळी पूर्ण बंद होईपर्यंत दिवस राहू शकतात.

मग विश्वासाचं काय काम? मी माझं सांगते. पहाटे तीनला जाग आली की मी अंथरुणात तळमळत नाही. उठून बसते, ७७ वं स्तोत्र वाचते. चौथ्या वचनात स्तोत्रकर्ता देवाला म्हणतो, तू माझे डोळे लागू देत नाहीस, मी इतका व्याकूळ आहे की बोलवत नाही. हजारो वर्षांपूर्वीही कुणी असंच जागं होतं, हे वाचून श्वास संथ होतो. वाफ येते, जाते. मी ती जाईपर्यंत हळू श्वास घेत एकच ओळ म्हणत राहते. घाम थांबतो असं मी म्हणणार नाही. भीती थांबते.

आणि पंडिता रमाबाईंची आठवण मला धीर देते. १८५८ चा जन्म. चाळिशी उलटल्यावर त्यांनी केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलच्या मराठी भाषांतराचं काम हाती घेतलं, कान अधू होत गेले तरी करत राहिल्या आणि १९२२ मध्ये मरणापूर्वी ते पुरं केलं. त्यांची रात्रीची झोप कशी होती, कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण मुक्तिसदन या त्यांच्या आश्रमातल्या बायकांनी त्यांच्याभोवती राहून अक्षरांचे खिळे जुळवले, छपाई केली. एकटीने ते झालं नाही.

गायनमंडळात मी परत गेले. माझ्या शेजारच्या बहिणीने पदरात घडीचा पंखा ठेवायला सुरुवात केली. माझ्यासाठी. कुणाला काही सांगावं लागलं नाही.

आता चहाआधी मागच्या खोलीत रक्तदाब बघायचं यंत्र ठेवलंय, ते मी स्वतः लावून देते. आणि दाराशी डबा आहे. ज्यांना विचारायला संकोच वाटतो त्यांनी चिठ्ठीवर प्रश्न लिहून टाका. नाव लिहू नका. मी एकेक वाचून उत्तर देईन, आणि ज्याचं उत्तर मला येत नाही ते डॉक्टरीणबाईंना विचारून पुढच्या बुधवारी सांगेन.