सतराव्या वर्षी केलेली सही

(परळमधल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेलं भाषण, थोडं संपादित करून)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘कोवळ्या वयातली भरती आणि सैनिकी पेन्शन’. समोर बहुतेक जण पेन्शनर दिसताहेत, म्हणजे ‘महागाई भत्ता’ एवढं म्हटलं तरी टाळ्या पडतील. (हशा) पण मला बोलायचंय ते ज्यांना अजून मिसरूडही फुटलेलं नाही, त्यांच्याविषयी.

या भागाला फौज नवी नाही. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडून आलेल्या घरांत एक भाऊ गिरणीत, तर दुसरा पलटणीत असायचा. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण १७६८ साली उभी राहिली तीही मुंबईतच. आणि नौदलाचं म्हणाल तर १८ फेब्रुवारी १९४६ला कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदलाच्या तळावर पोरांनी निकृष्ट जेवणावरून बंड पुकारलं. २२ तारखेला त्यांच्या पाठिंब्यासाठी आपल्या गिरण्या बंद पडल्या. ती सगळी विशी-बाविशीतली पोरं होती हो! यावर मी रात्रभर बोलेन, पण अध्यक्षांचं लक्ष घड्याळाकडे आहे.

मी नौदलात रायटर होतो, म्हणजे कारकुनी शाखेत. निवृत्तीनंतर लोकांचे पेन्शनचे कागद बघून देतो. काळाचौकीच्या एक वहिनी आल्या. यजमान पायदळात होते, सतराव्या वर्षी भरती झालेले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, आणि एका पहाटे झोपेतच गेले. वहिनी कुटुंब निवृत्तिवेतनासाठी गेल्या, तर एका बँकेच्या शाखेतला माणूस म्हणाला, “बाई, या कागदावरची बायको तुम्ही नव्हेच.”

झालं होतं असं. लग्न झाल्यावर जवानाला ते आपल्या युनिटला कळवावं लागतं. मग पार्ट टू ऑर्डर, म्हणजे युनिटचा नोंदीचा आदेश निघतो, बायकोचं नाव नोंदींत चढतं आणि पुढे तेच पीपीओवर, म्हणजे पेन्शन देण्याच्या आदेशावर येतं. यांनी कळवलं ते शाळेच्या दाखल्यावरचं, माहेरचं नाव. इकडे सासूबाईंनी लग्नात तांदळाच्या ताटात दुसरंच नाव लिहिलेलं. रेशनकार्ड, आधार, पासबुक सगळं त्या नव्या नावावर. इथे बसलेल्या किती जणींची नावं लग्नात बदलली? हात वर करा बघू. बघा, निम्मं सभागृह! आता घरी जाऊन यजमानांचं पीपीओ काढून वाचा.

मग प्रतिज्ञापत्र झालं, राजपत्रात नावबदल छापून आणला, दोन्ही नावांची बाई एकच आहे असा दाखला मिळवला. ज्या बाईने नवरा सीमेवर असताना एकटीने तीन मुलं वाढवली, तिला ‘ही त्यांची बायको’ असा दाखला आणायला लावला! मला अजून राग येतो. त्या खिडकीतल्या माणसाने एक खुर्ची द्यायला हवी होती. तीही दिली नाही. पेन्शन अखेर सुरू झाली, थकबाकीही मिळाली. पण तोवर त्यांनी मंगळसूत्र गहाण टाकलं होतं.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. बरं, मुख्य मुद्दा.

जुन्या पद्धतीने भरती झालेल्या जवानाला पेन्शनसाठी किमान १५ वर्षं सेवा लागते, अधिकाऱ्याला २०. साडेसतराव्या वर्षी गेलेला मुलगा पस्तिशीच्या आसपास घरी येतो. पोरगं चौथीत, आईबाप थकलेले. मंत्रालयातला कारकून अठ्ठावन्नपर्यंत पगार घेतो आणि वाटेत नवे वेतन आयोग पाहतो. याचं पेन्शन मात्र पस्तिशीतल्या पगारावर बांधलेलं. म्हणून समान हुद्दा, समान सेवा, समान पेन्शन ही मागणी होती. ती १ जुलै २०१४पासून लागू झाली आणि दर पाच वर्षांनी फेरआढावा ठरला. ही म्हातारपणाची सोय नाही. तरुणपणीच नोकरी संपवली, त्याची ही भरपाई आहे.

अग्निवीराला, म्हणजे २०२२पासूनच्या अग्निपथ योजनेत भरती होणाऱ्या जवानाला, हीच भरपाई नाही. चार वर्षं सेवा, त्यात पगारातून दरमहा ३० टक्के कपात, तेवढीच भर सरकारची. शेवटी व्याज धरून सुमारे ११.७१ लाख हातात. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. कायम होणार जास्तीत जास्त २५ टक्के. बाकीचे बाविशीच्या आसपास घरी. या शहरात तेवढ्या पैशांत चाळीतली खोलीही येत नाही. पहिल्या तुकड्या २०२२च्या अखेरीस आणि २०२३च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला गेल्या. चार वर्षं तुम्हीच मोजा. या मुलांना नोकरीत सामावून घ्यायची जबाबदारी सरकारने कायद्याने घ्यावी, नुसत्या घोषणांवर सोडू नये, असं माझं ठाम मत आहे.

आणि अठरा पूर्ण नसतील तर अर्जावर आईबापांची सही लागते. ती सही करणाऱ्याला यातलं काय माहीत असतं? भरतीच्या अकादम्या पोरांना पहाटे सोळाशे मीटर पळवतात, उत्तम करतात. त्यातला एक तास कागदांना द्या. विम्याचे पैसे नामनिर्देशनावर मिळतात, कुटुंब निवृत्तिवेतन सेवेतल्या नोंदीवर. लग्न झालं, मूल झालं की दोन्ही बदलून घ्यायचं, आणि नाव आधारवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर. मी फुकट शिकवायला येतो, कुणी बोलवा फक्त.

वेळ संपली. रविवारी सकाळी मी खाली वाचनकक्षात बसणार आहे. डिस्चार्ज बुक, पीपीओ, लग्नाचा दाखला आणि दोघांची आधारकार्डं घेऊन या. यजमान हयात असतील तर त्यांनाही आणा, दुरुस्ती त्यांच्याच सहीने सोपी होते.