दुधातलं डी अंगाला किती लागतं?

(दृश्य : सदाशिव पेठ, सकाळचे साडेसहा. डेअरीसमोर क्रेट उतरताहेत.)

दुधाची पिशवी हातात घेतलीत की जरा उलटी करून बघा. एका चौकोनात 'एफ' हे अक्षर आणि शेजारी अधिकचं चिन्ह दिसलं, तर हे दूध फोर्टिफाइड आहे. म्हणजे त्यात अ आणि डी ही जीवनसत्त्वं वरून मिसळलेली आहेत. किती मिसळायची ते एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ठरवून दिलंय. डीसाठी ते लिटरमागे 5 ते 7.5 मायक्रोग्रॅम आहे. डीच्या मोजमापात 1 मायक्रोग्रॅम म्हणजे 40 युनिट (लेबलवर 'आययू'), तेव्हा लिटरभर दुधात झाले 200 ते 300 युनिट.

आयसीएमआर-एनआयएन या सरकारी पोषण संशोधन संस्थेच्या 2020च्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला रोज 600 युनिट लागतात. 200 मिलीचा पेला भरून दूध प्यायलं तर मिळतात 40 ते 60. त्यातून आपल्याकडे मोठ्यांच्या पोटात दूध जातं ते चहातून. तीन कप चहा, कपात 50 मिली दूध, म्हणजे दिवसाचे फार तर 45 युनिट. 'दूध पितो तरी डी कमीच' असं म्हणणाऱ्या बहुतेकांच्या शरीरात ते शोषलं जात असतं. पोटात जातं तेच थोडं.

(दृश्य : लहान आतड्याचं रेखाचित्र.)

डी पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. जेवणातलं तेल-तूप लहान आतड्यात उतरलं की पित्ताशय आकसतं आणि पित्त बाहेर येतं. तेलकट पातेल्यावर साबण जे काम करतो, तेच पित्त इथे करतं. स्निग्धाचे अतिसूक्ष्म कण होतात आणि डी त्या कणांत बसून आतड्याच्या पेशींपर्यंत पोचतं. तिथून लसिकावाहिन्यांमार्गे रक्तात, मग यकृतात. यकृतात त्याचं जे रूप तयार होतं, तेच लॅब मोजते.

मग त्यासाठी वाटीभर तूप प्यायचं का? मुळीच नाही. बोस्टनमधल्या चाचण्यांत संत्र्याच्या रसात मिसळलेल्या डीने रक्तातली पातळी कॅप्सूलइतकीच वाढवली, आणि त्या रसात स्निग्धांश जवळजवळ नसतोच. पेयात डी नीट मिसळलेलं असेल तर शरीर ते घेतं.

(दृश्य : कोथरूडमधलं स्वयंपाकघर. दूध तापतंय. कॅमेरा पातेल्याच्या कडेशी.)

उकळल्याने डीचं फारसं बिघडत नाही. प्रकाशाने मात्र ते कमी होतं, म्हणून दुधाची पारदर्शक बाटली खिडकीतल्या उन्हात ठेवू नका. आता ही साय बघा. थंड झालेल्या दुधावर जाड पापुद्रा धरतो, कडेने चमचा फिरवला की सबंध उचलून येतो. स्निग्धांश त्या सायीत जातो आणि त्याच्यासोबत डीचाही काही भाग. आठवडाभर साय साठवून तूप कढवणाऱ्या घरात तो भाग तुपात उतरतो आणि खाली उरलेलं दूध मुलांना मिळतं. होमोजिनाइज्ड, म्हणजे स्निग्धांश बारीक करून सगळीकडे सारखा मिसळलेल्या दुधात साय पातळ धरते, तिथे हे नुकसान कमी.

सोया, बदाम किंवा ओट्सच्या फोर्टिफाइड पेयांचा प्रश्न वेगळा. त्यांत मिसळलेलं कॅल्शियम तळाशी बसतं आणि डीदेखील सगळीकडे सारखं राहीलच असं नाही. प्रत्येक वेळी खोका हलवून मगच ओता. डीची दोन रूपं असतात, लेबलवर डी-2 आहे की डी-3 तेही वाचा. डी-2 यीस्ट किंवा अळंबीपासून मिळतं, म्हणजे प्राणिजन्य नसतं, पण रक्तातून लवकर उतरतं.

(दृश्य : लक्ष्मी रोडवरचं औषधांचं दुकान. काउंटरवर साशे, कॅप्सूल, छोटी बाटली.)

60,000 युनिटचा साशे पुण्यात घरोघरी दिसतो. सॉफ्टजेल कॅप्सूलमध्ये डी तेलात असतं, साशेच्या पावडरमध्ये तेल नसतं. तो सकाळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घेण्यापेक्षा दुपारच्या जेवणानंतर घ्यावा. अमेरिकेतल्या एका चाचणीत 50,000 युनिटचा एकच डोस स्निग्ध असलेल्या जेवणाबरोबर दिला, तेव्हा रक्तात चढलेलं डी बिनस्निग्ध जेवणापेक्षा सुमारे 32 टक्के जास्त भरलं. आपल्या ताटात वरण-भातावरचं चमचाभर तूप, भाजीची फोडणी आणि शेंगदाण्याची चटणी एवढं पुरतं.

सगळ्यात घातक चूक इथेच होते : आठवड्याचा साशे रोज घेतला जातो. रोजची सुरक्षित कमाल मर्यादा 4,000 युनिट. आठवड्याला एक साशे घेतला तरी सरासरी दिवसाला साडेआठ हजार पडतात, म्हणून तो डॉक्टरांनी ठरवलेल्या मुदतीपुरताच घ्यायचा, साधारण 8 आठवडे. त्यात कुणी 6 लाख युनिटचं इंजेक्शन घेतलेलं असतं, कॅल्शियमच्या गोळीतही डी-3 असतं, आणि या बेरजा कुणी करत नाही. रक्तातलं कॅल्शियम वाढलं की खूप तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता, उलट्या सुरू होतात, आणि पुढे मूत्रपिंडाला इजा. डी चरबीत साठतं, त्यामुळे साशे बंद केल्यावरही ते हळूहळूच उतरतं. दुकानातून जुन्या चिठ्ठीवर पुन्हा पुन्हा पाकीट आणू नका.

काहींना मात्र खरोखरच शोषलं जात नाही : सेलियाक (गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होणारा आजार), पित्तनलिकेतला अडथळा, स्वादुपिंडाचा जुना आजार, वजन कमी करण्यासाठीची बायपास शस्त्रक्रिया. वजनासाठीचं ऑर्लिस्टॅट स्निग्धासोबत डीही अडवतं, म्हणून दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर हवं. फिट्सवरचं फेनिटॉइन किंवा क्षयावरचं रिफाम्पिसिन चालू असेल तर डी शोषलं जातं, पण यकृतात लवकर मोडतं. पित्ताशय काढलेल्यांनी मात्र घाबरू नये, कारण पित्त यकृतात तयार होतं आणि ते आतड्यात येतच राहतं.

(दृश्य : लॅब. रक्ताची नळी, मग रिपोर्ट.)

तपासणी 25-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डीची, म्हणजे यकृतात तयार होणाऱ्या त्याच रूपाची करायची. रक्तातलं त्याचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा काळ, दोन ते तीन आठवड्यांचं असल्याने पातळी स्थिरावायला वेळ लागतो. औषध सुरू करून महिन्याभरात केलेली तपासणी फसवते, तीन महिने थांबा. दोन रिपोर्ट ताडताना एकक बघा : 20 नॅनोग्रॅम प्रति मिली आणि 50 नॅनोमोल प्रति लिटर ही एकच पातळी. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील तर रक्त द्यायच्या आधीच लॅबला सांगा. काही यंत्रांवर बायोटिनमुळे डी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं, आणि ज्याला औषध हवं त्याचा रिपोर्ट नॉर्मल येतो.