कुठे उतरणार?

(दृश्य: संध्याकाळची सीएसएमटी. इंडिकेटर. लेडीज डब्याकडे धावणारे पाय. चेहरे दिसत नाहीत.)

निवेदन:

मध्य रेल्वेच्या लेडीज डब्यात दोन अनोळखी बायकांचं बोलणं बहुतेक वेळा एकाच प्रश्नाने सुरू होतं. "कुठे उतरणार?" बसलेली बाई घाटकोपरला उतरणार असेल, तर घाटकोपरपासून ती सीट विचारणारीची. साधा, चोख व्यवहार.

ज्या बाईंची ही गोष्ट आहे, त्यांना तीन वर्षं हा प्रश्न कुणी विचारला नाही. त्या कधी बसल्याच नाहीत. सीट रिकामी असली तरी दाराजवळच्या दांड्याला धरून उभ्या. नाव सांगायचं नाही, चेहरा दाखवायचा नाही, एवढीच त्यांची अट. घर डोंबिवलीला, नोकरी फोर्टमध्ये.

सुरुवात झाली एका जूनमध्ये. संध्याकाळची फास्ट. दादर सुटलं, कुर्ला यायचं होतं, आणि गाडी मध्येच थांबली. दिवे चालू, पंखे चालू. समोरची बाई मांडीवर पिशवी पसरून मेथी निवडत होती.

"एकदम छाती धडधडायला लागली. श्वास पुरेना. बोटांना मुंग्या, ओठ बधिर. ती मेथीची जुडी मला दिसत होती, पण काचेपलीकडे असल्यासारखी. म्हटलं, संपलं. आता मुलाला शाळेतून कोण आणणार, एवढंच डोक्यात आलं. मुलगा तेव्हा कॉलेजात होता."

शेवटचं वाक्य सांगताना त्या हसतात.

कुर्ल्याला उतरून रिक्षाने थेट हॉस्पिटल. ईसीजी, रक्त, नंतर टू-डी इको, थायरॉइड. सगळं नॉर्मल. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी सांगितलं, "तुम्हाला काहीही झालेलं नाही." डॉक्टर चांगल्या मनानेच बोलले होते. पण अर्ध्या तासापूर्वी आपण मरतोय याची खात्री पटलेल्या माणसाला हे वाक्य कसं ऐकू येतं? 'तुम्ही नाटक करताय.'

तपासण्या करून घेतल्या हे मात्र योग्यच झालं. पहिल्यांदा छातीत दुखलं, धडधडलं तर ती भीतीच असेल, असं घरबसल्या कुणी ठरवू नये. थायरॉइड वाढला तरी छाती अशीच धडधडते.

(दृश्य: सिग्नलला थांबलेली गाडी, बाहेरून. खिडकीच्या जाळीवर बोटं.)

डब्यात त्या संध्याकाळी जे घडलं, त्याला पॅनिक अटॅक म्हणतात. त्याची सगळी लक्षणं मराठीत आधीपासून आहेत. तोंडचं पाणी पळतं. अंगावर काटा येतो. हातपाय गार पडतात. पोटात गोळा येतो. आपण हे अलंकार समजतो, पण ही शरीराची जवळजवळ जशीच्या तशी नोंद आहे. धोका दिसला की मेंदूतला अ‍ॅमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग हाकाटी करतो आणि मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनलिन सोडतात. रक्त पोटाकडून आणि कातडीकडून मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून हात गार आणि पोटात कालवाकालव. लाळ आटते, तोंड कोरडं पडतं. पळायची किंवा लढायची तयारी झाली.

फक्त समोर वाघ नसतो. मेथी असते.

मुंग्यांचंही कारण आहे. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात. डोकं हलकं होतं, बोटं बधिरतात, समोरचं जग खोटं वाटतं. माणसाला वाटतं हवा कमी पडतेय, म्हणून तो आणखी जोरात श्वास ओढतो. काच जाड होत जाते.

लाट बहुतेक वेळा दहा मिनिटांच्या आत टोकाला पोचते आणि मग उतरायला लागते. आणि 'मी चक्कर येऊन पडणार' ही जी सर्वांत मोठी धास्ती, ती सहसा खरी होत नाही, कारण अटॅकमध्ये रक्तदाब वाढतो आणि बेशुद्ध पडायला तो घसरावा लागतो. अपवाद रक्ताला किंवा सुईला घाबरणाऱ्यांचा. त्यांचा रक्तदाब आधी चढतो आणि मग खरोखरच कोसळतो. रक्त तपासायला गेलेला आडदांड माणूस खुर्चीतच आडवा होतो, तो यामुळे.

अटॅक एकदा कुणालाही येऊ शकतो. आजार त्यानंतर सुरू होतो.

(दृश्य: स्लो गाडीच्या दारातून मागे पडणारी स्टेशनांची नावं.)

दुसऱ्या दिवशी बाईंनी फास्ट सोडली आणि स्लो धरली. सीएसएमटी ते डोंबिवली, मध्ये बावीस स्टेशनं. मशीद, सँडहर्स्ट रोड, भायखळा, चिंचपोकळी. दर दोन-तीन मिनिटांनी दार आणि प्लॅटफॉर्म. काही झालं तर उतरता येईल. पर्समध्ये पाण्याची बाटली, आवळा सुपारी आणि कुणीतरी दिलेली झोपेच्या गोळ्यांची अर्धी स्ट्रिप. ती स्ट्रिप त्यांनी कधी फोडली नाही. पण एकदा ती घरी राहिली, तर त्या ठाकुर्लीच्या बाजूच्या पुलावरूनच परत फिरल्या.

बरं वाटलं, हीच अडचण झाली. मनाने हिशेब मांडला: स्लोने आलो म्हणून वाचलो. म्हणजे फास्ट खरंच धोक्याची. पुढे स्लोही गर्दीची नको झाली. मग लिफ्ट. मग थिएटरमधली मधली खुर्ची. मग लग्नाचा हॉल, जिथून पंगत सोडून उठता येत नाही. सुटकेची वाट जितकी जवळ ठेवावी, तितकं घर लहान होत जातं.

याला अ‍ॅगोराफोबिया म्हणतात, आणि हे नाव १८७१ सालचं. बर्लिनच्या कार्ल वेस्टफाल या डॉक्टरांनी तीन पुरुषांचं वर्णन केलं होतं. मोकळा चौक ओलांडायची वेळ आली की त्यांचे पाय अडायचे, पण सोबतीला कुणी असलं की जमायचं. ग्रीक भाषेत अ‍ॅगोरा म्हणजे बाजाराची, सभेची जागा. त्याच वर्षी अमेरिकेत जेकब दा कोस्टा यांनी यादवी युद्धातल्या सैनिकांवर लिहिलं: छाती धडधडते, दम लागतो, हृदयात दोष सापडत नाही. त्यांनी त्याला 'चिडकं हृदय' म्हटलं. दीडशे वर्षांपूर्वीचे ते सैनिक आणि आपला कुर्ल्याचा ईसीजी, कागद तोच.

पॅनिकला स्वतंत्र आजार मानायला मात्र १९८० उजाडलं. त्यामागे एक छान निरीक्षण आहे. डोनाल्ड क्लाइन न्यूयॉर्कच्या एका इस्पितळात इमिप्रामिन हे औषध देऊन बघत होते. रुग्ण म्हणायचे, काही फरक नाही. नर्सनी सांगितलं, फरक आहे, 'मी मरतोय' म्हणत आमच्या टेबलाकडे धावत येणं थांबलंय. अटॅक थांबले होते, अटॅकची धास्ती तशीच होती. दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यावरून लक्षात आलं. मला यात नर्सचं कौतुक जास्त वाटतं.

(दृश्य: स्वयंपाकघर. गॅसची नॉब. कडीला लावलेलं कुलूप.)

भीतीच्या आजारांचं कुळ मोठं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अंदाजानुसार जगात ३० कोटींहून अधिक लोकांना यातला कुठला तरी आजार होता. कुणाला सततची काळजी. मुलाचा फोन दोनदा लागला नाही की अपघातापासून तेराव्यापर्यंतचा सगळा सिनेमा पाहून होतो. अशी माणसं घरात 'स्वभावच काळजीखोर' म्हणून खपून जातात. कुणाला चार लोकांत बोलायची भीती, इतकी की बढती नाकारली जाते. आणि मंत्रचळ. ओसीडीला हा आपला जुना शब्द. गॅस बंद आहे हे दिसत असतं, तरी हात परत नॉबकडे जातो. अमेरिकेच्या मनोविकारांच्या वर्गीकरणाने २०१३ मध्ये ओसीडीला आणि आघातानंतरच्या आजाराला वेगळी प्रकरणं दिली. पण यंत्रणेतलं एक चाक समान आहे. नॉब तपासली की क्षणभर सुटका, आणि त्या सुटकेवरच आजार पोसला जातो.

घरचेही नकळत हेच खतपाणी घालतात. बाईंचे यजमान रोज सोबत यायला लागले, स्वतःचं ऑफिस ठाण्याला असताना. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. "त्या रात्री झोप छान लागली हो," बाई म्हणतात. "जवळ बसून कुणीतरी माझ्यासाठी काहीतरी करत होतं ना." यावर हसण्यासारखं काही नाही. फक्त सकाळी परत स्टेशन होतं.

(दृश्य: एक रिकामी गोल फिरणारी खुर्ची. बाजूला सरबताची स्ट्रॉ.)

शेवटी त्या मानसोपचारतज्ज्ञांकडे गेल्या. औषध सुरू झालं, एस्सिटॅलोप्रॅम. याची सवय लागत नाही, पण गुण यायला दोन ते सहा आठवडे जातात, आणि पहिल्या काही दिवसांत अस्वस्थता उलट थोडी वाढू शकते. नेमक्या त्याच दिवसांत अनेकजण औषध सोडतात. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या अर्ध्या तासात शांत करतात, म्हणून जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं आणल्या जातात. सवय लागते ती यांची.

आणि मग थेरपी, जी त्यांना आधी चक्क खुळेपणा वाटली. खुर्चीत बसून गरागरा फिरायचं. अरुंद स्ट्रॉमधून एक मिनिट श्वास घ्यायचा. जिना धावत चढायचा. ज्या धडधडीला घाबरतो, ती मुद्दाम आणायची आणि काही न करता बघत बसायचं. पळायचं नाही, बाटली उघडायची नाही. लाट चढते, आणि तिची तीच उतरते.

मग गाडी, पायरीपायरीच्या यादीने. पहिले दोन दिवस नुसतं डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहायचं, फास्ट येऊन जाऊ द्यायची. मग कोपरपर्यंत. मग ठाण्यापर्यंत फास्ट, यजमान शेजारच्या डब्यात. मग यजमान घरी. पर्समधली स्ट्रिप सर्वांत शेवटी निघाली. मध्ये एकदा मुलुंडला उतरून त्या अर्धा तास बाकावर बसल्या आणि रडल्या. दुसऱ्या दिवशी यादीत परत तेच काम होतं.

(पडद्यावर: टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन: १४४१६. विनामूल्य. मराठीतही.)

(दृश्य: संध्याकाळची डोंबिवली फास्ट. आतून.)

हे चित्रण आम्ही मोबाइलवर केलं, त्यांच्या मागे उभं राहून. दादर गेलं. कुर्ला यायचंय. गाडी मंद होते, आणि थांबते.

त्या खिडकीजवळ बसल्या आहेत. दारापासून आत, तिसऱ्या बाकावर. उजवा हात पर्सच्या चेनवर जातो. तिथेच राहतो. चेन उघडत नाही. मानेजवळ घाम दिसतोय. नंतर त्यांनी सांगितलं, धडधड तेव्हा चांगलीच होती.

तीन मिनिटं. चार. बाहेर कुणीतरी मोटरमनच्या नावाने बोटं मोडतंय. गाडीला धक्का बसतो, ती सरकते.

उभी असलेली एक मुलगी वाकून त्यांच्या खांद्याला हात लावते.

"काकी, कुठे उतरणार?"

"डोंबिवली."

मुलगी तोंड वाकडं करते आणि पुढच्या बाकाकडे वळते.