भडोच ते तेर, तीस दिवस

आमच्या ह्या व्हिडिओत, काकांच्या पुस्तकाच्या पानांमधून हे जे पिवळं पडलेलं, भोक पाडलेलं तिकीट डोकावतंय ना, ते एसटीचं. काका कंडक्टर होते, रिटायर होताना जुनी तिकिटं घरी घेऊन आले आणि आता पुस्तकात खुणेला घालतात.

हे तेर. धाराशिव जिल्हा, तेरणेचा काठ, गोरोबाकाकांचं गाव. वाचनालयातली ती कोपऱ्यातली खुर्ची काकांची, दुसरं कुणी बसत नाही तिथं.

आज पेरिप्लस नावाचं पुस्तक वाचणं चाललंय. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेलं, लाल समुद्रातून निघून भारतापर्यंत कुठल्या बंदरात काय मिळतं, काय खपतं, सगळं आहे त्यात. आणि त्यात तेर आहे! नाव तगर. गुजरातेतल्या भडोचहून पैठण २० दिवस, तिथून पूर्वेला तगर अजून १०, आणि इथलं साधं कापड, मलमल, सगळं बिनरस्त्याच्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला जायचं. काका वहीत टप्पे मांडतात. "पैठण-तेर धा दिवस? वाटंत टायर बसलं असंल," म्हणतात आणि स्वतःच हसतात. (हा शॉट तीनदा घेतला, आमचा कॅमेरामनच हसत होता.)

तेरला हस्तिदंताची एका बाईची छोटी मूर्ती सापडली, तशाच धाटणीची एक पार इटलीत, पॉम्पेईच्या राखेखाली मिळाली. ते शहर इसवी सन ७९ मध्ये गाडलं गेलं. मूर्ती आमच्याकडे शूट नाही, काकांचा चेहरा बघा.

२०२३ च्या शेवटी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, कंपन्या आफ्रिकेला वळसा घालून जहाजं न्यायला लागल्या, तेव्हा काकांनी नकाशात लाल समुद्रावर बोट ठेवून पोरांना दाखवलेलं की बघा रे, आपला माल ह्याच पाण्यातून जायचा. आताही दाखवतायत. पोरं गाईडातून मान वर करतात, परत खाली. परीक्षेला हे पडलंच तर एका मार्काला पडणार, म्हणून कपाटातली इतिहासाची रांग तशीच धूळ खात.

शेवटी मार्कस ऑरेलियस. रोमचा बादशहा, स्वतःपुरतं लिहायचा की बाबा सकाळी उठल्यावर मनाला सांगून ठेव, आज नाक खुपसणारे भेटतील, उद्धट भेटतील, केलेलं न जाणणारे भेटतील. काका चष्मा काढतात.

"कंडक्टरच असणार ह्यो."

वाचनालय सध्या संध्याकाळी दोनच तास उघडतं, अनुदान अडकलंय, नवी पुस्तकं नाहीत.

काकांनी तिकीट पानात सरकवलं. साडेसात वाजले, कुलूप लावायचंय.