दिवाणखान्याच्या अलीकडची खुर्ची

(दृश्य: काळ्या-पांढऱ्या फरशीचा थंडगार हॉल. भिंतीला लागून ओळीने खुर्च्या.)

या खुर्चीला गादी नाही. हात टेकवायलाही काही नाही. बैठक निव्वळ लाकडाची, मधोमध ताटलीसारखी खोलगट. दहा मिनिटं बसलात तर पाठ कुरकुरायला लागेल. यात सुताराचं काही चुकलेलं नाही बरं का. त्याला सांगितलंच तसं होतं.

१७१४ ते १८३० या काळात इंग्लंडच्या गादीवर ओळीने चार जॉर्ज बसले. त्या काळी गावाकडच्या बड्या जमीनदाराच्या हवेलीत शिरलं, की आधी या ‘हॉल चेअर्स’ दिसायच्या. त्या घरच्या माणसांसाठी नव्हत्याच. चिठ्ठी घेऊन आलेला गडी, थकलेलं बिल मागायला आलेला शिंपी, मालकाची वाट बघत ताटकळलेला नोकर, अशांनी इथे टेकायचं. अंगावर भिजलेला कोट, बुटांना चिखल. रेशमी गादीची वाटच लागली असती. लाकूड फडक्याने पुसलं की झालं. मानाचा पाहुणा सरळ आत जायचा. आपल्या वाड्यांच्या देवडीवर ताटकळलेल्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागला नसता.

लंडनच्या थॉमस चिपेनडेल या फर्निचर कारागिराने आपल्या नमुन्यांच्या पुस्तकाच्या १७६२च्या आवृत्तीत अशा खुर्च्या दिल्या. महोगनीच्या करा, नाहीतर दुसऱ्या लाकडाच्या करून रंगवा, अशी मुभाही दिली. महोगनी यायची जमैकासारख्या वसाहतींतून, आणि तिथे कुऱ्हाड असायची गुलामांच्या हातात.

(दृश्य: कॅमेरा पाठीच्या फळीवर.)

सगळा थाट इथे, पाठीवर. तैलरंगात काढलेलं घराण्याचं चिन्ह: मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह, भोवती सोनेरी रेघ. घोडागाडीच्या दारावर मालकाचं जे चिन्ह असायचं, तेच इथे. गंमत बघा, कुणी बसलं की चिन्ह झाकलं जातं. म्हणजे खुर्ची खरं काम करते ती रिकामी असताना.

या हौसेवर सरकारचीही नजर गेली. १७९८पासून कुलचिन्ह वापरणाऱ्याला त्यासाठी कर भरावा लागू लागला.

(दृश्य: भिंगातून.)

आता अगदी जवळून. सिंहाच्या पंजावरून फळीला चीर गेली आहे. रंग चिरेच्या दोन्ही काठांवर तुटलाय. म्हणजे आधी रंग, मग चीर. शेजारच्या खुर्चीत मात्र सोनेरी रंग चिरेच्या आत उतरलाय. फळी तडकल्यावर कुणीतरी कुंचला फिरवलाय. घराचा मालक बदलला असेल. किंवा कोऱ्या पाठीवर सिंह आला की भाव वाढतो, हे एखाद्या दुकानदाराला पक्कं ठाऊक असेल.